बाटली जुनी, गोष्ट नवी

आमच्या गिरगावच्या खोलीत खिडकीच्या कठड्यावर एक चौकोनी बाटली होती. तिच्यात मनीप्लँट लावलेला असे. बोटीवर नोकरीला असलेल्या माझ्या मामाने ती १९७४ साली आणली, तेव्हा अर्थातच तिच्यात मनीप्लँट नव्हता. आतला ऐवज मामाने आणि त्याच्या दोन मित्रांनी एका रात्री गच्चीवर संपवला आणि रिकामी बाटली आईच्या ताब्यात आली. आईने ती आतून खसखसून धुतली, बाहेरच्या तिरक्या लेबलाला मात्र हात लावला नाही. ‘फॉरेनची आहे,’ असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ज्या घरात ‘दारू’ हा शब्द उच्चारताना आवाज आपोआप खाली यायचा, त्याच घरात दारूच्या बाटलीला दर्शनी जागा मिळाली होती. तिच्यावर उंच टोपी घातलेला, हातात काठी घेतलेला एक साहेब लांब टांगा टाकत चालला होता. हा एवढ्या घाईने निघालाय तरी कुठे, असे मला लहानपणी वाटायचे.

तो साहेब मला परवा पुन्हा भेटला. पुतण्याच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पुण्याजवळच्या एका लॉनवर तरुण मंडळींसाठी वेगळा कोपरा केला होता. उंच ग्लास, ग्लासभर बर्फ, भरपूर सोडा, वर लिंबाची साल. ‘याला हायबॉल म्हणतात,’ माझ्या सत्तावीस वर्षांच्या मुलीने मला समजावले. टेबलावर तीच चौकोनी बाटली होती. ‘बाबा, व्हिस्की आता म्हाताऱ्यांची राहिली नाही,’ ती हसत म्हणाली.

तिच्या या वाक्याने मी विचारात पडलो. जी वस्तू माझ्या मामाच्या काळातच जुनी होती, ती माझ्या मुलीच्या काळात नवी कशी झाली? ‘नव्या बाटलीत जुनी दारू’ असे आपण म्हणतो. इथे तर बाटलीही जुनी आणि दारूही जुनीच. नवी आहे ती त्यांच्याभोवतीची गोष्ट. या धंद्याचा इतिहास चाळला, की लक्षात येते की दर पिढीला ही गोष्ट नव्याने रचली जाते आणि रचताना जुन्यातली काही माणसे गुपचूप वगळली जातात.

वाण्याचा साहेब झाला

चालणाऱ्या साहेबाचे मूळ एका वाण्याच्या दुकानात आहे. स्कॉटलंडमधल्या किलमार्नॉक या गावी १८०५ मध्ये जन्मलेल्या जॉन वॉकरचे वडील १८१९ साली वारले. शेत विकले गेले आणि त्या पैशातून १८२० मध्ये या पोराला किराणा दुकान काढून दिले गेले. चहा, मसाले, साखर आणि त्यांच्याबरोबर व्हिस्की. त्या काळी व्हिस्कीच्या एका पिंपाची चव दुसऱ्याला लागत नसे. वेगवेगळे चहा मिसळून एकच चव राखण्याची वाण्याची हातोटी व्हिस्कीच्याही कामी आली. पुढे १८६० च्या कायद्याने मिश्रणाचा धंदा सोपा झाला आणि जॉनचा मुलगा अलेक्झांडर याने त्याचा पुरेपूर फायदा उठवला. ग्लासगो बंदरातून निघणाऱ्या जहाजांच्या कप्तानांना त्याने आपले विक्रेते केले. चौकोनी बाटली आली, कारण ती पेटीत जास्त बसे आणि कमी फुटे. लेबल तिरके झाले, कारण तिरक्या ओळीत अक्षरे मोठी छापता येत. सगळे निर्णय पक्क्या व्यापाऱ्याचे.

उंच टोपीचा साहेब मात्र १९०८ चा. टॉम ब्राऊन या चित्रकाराने तो रेखाटला. पुढच्याच वर्षी ‘रेड लेबल’ आणि ‘ब्लॅक लेबल’ ही नावे आली. यातली गंमत पाहा. साहेबाच्या अंगावरचा पोशाख १९०८ मध्येही जुनाट होता. तो होता त्याच्याही आधीच्या शतकाच्या प्रारंभीच्या उमरावांचा. म्हणजे ज्या काळात खरा जॉन वॉकर एप्रन बांधून चहा-साखर तोलत होता, त्या काळच्या सरदार-दरकदारांचे कपडे त्याच्या नावाच्या चित्राला चढवले गेले. नवश्रीमंत गिऱ्हाइकाला वाण्याच्या दुकानातली बाटली नको होती, साहेबाच्या दिवाणखान्यातली हवी होती. गोष्ट बदलण्याचा हा पहिला मोठा प्रयोग. तो इतका यशस्वी झाला, की वाणी विसरला गेला आणि साहेब उरला.

वडिलांचे पेय

साहेबाची चाल पुढे अडखळली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतली तरुण पिढी व्होडका, पांढरी रम आणि वाइन यांच्याकडे वळू लागली. स्कॉच हे ‘वडिलांचे पेय’ ठरले. वडील जे पितात ते मुलाला नको असते, हा जगभरचा नियम आहे. इकडे व्हिस्कीची अडचण अशी, की आज गाळलेली व्हिस्की आठ-दहा, कधी पंधरा वर्षांनी विकायची असते. त्या वेळची मागणी आजच ओळखावी लागते. अंदाज चुकला आणि गोदामे तुडुंब भरली. या न विकल्या जाणाऱ्या साठ्याला ‘व्हिस्कीचे तळे’ असे नाव पडले. तेव्हाच्या सर्वांत मोठ्या कंपनीने १९८३ मध्ये एकामागून एक डिस्टिलऱ्या बंद केल्या. आयला बेटावरची पोर्ट एलन आणि उत्तरेकडची ब्रोरा या त्यांतल्याच.

पुढे १९८६ मध्ये ही कंपनी गिनेसने घेतली आणि १९९७ मधल्या विलीनीकरणातून डियाजिओ हा अवाढव्य उद्योग उभा राहिला. नव्या मालकांपुढचा प्रश्न हाच होता, की वडिलांचे पेय मुलाला कसे विकायचे? १९९९ साली त्यांनी उत्तर शोधले, ते दोन शब्दांत. ‘कीप वॉकिंग’. चालत राहा. या जाहिरातींत चवीचा, पिंपांचा, स्कॉटलंडच्या झऱ्यांचा फारसा उल्लेख नव्हता. होती ती माणसाच्या प्रगतीची भाषा. पडलास तरी ऊठ, पुढे जा. आजवर डावीकडे तोंड करून चालणारा साहेबही याच सुमारास वळला आणि उजवीकडे, म्हणजे डावीकडून वाचणाऱ्याच्या दृष्टीने ‘पुढे’ चालू लागला.

हा मंत्र साओ पावलोपासून शांघायपर्यंत कुठेही चालणारा होता. २०११ मध्ये ब्राझीलसाठी केलेल्या जाहिरातीत रिओ शहराचा प्रसिद्ध डोंगर एखाद्या झोपलेल्या राक्षसासारखा उठून चालू लागलेला दाखवला होता. ‘आमचा देश जागा होतोय’ अशी भावना असलेल्या मध्यमवर्गाला त्यात स्वतःचे चित्र दिसले. पूर्वी साहेब होण्याची इच्छा विकली जात होती, आता पुढे जाण्याची इच्छा विकली जाऊ लागली. आपल्याकडे उदारीकरणानंतर वाढलेल्या पिढीला हे वेगळे समजावून सांगायला नको.

ज्यांना चालता आले नाही

याच मोहिमेतला एक लघुपट २००९ मध्ये निघाला. रॉबर्ट कार्लाइल हा स्कॉटिश नट डोंगरातल्या वाटेवरून चालत चालत कॅमेऱ्याकडे पाहून वॉकर घराण्याची कहाणी सांगतो. सुमारे सहा मिनिटांचा हा पट एका सलग दृश्यात चित्रित केलेला आहे. त्यात किलमार्नॉकचे दुकान आहे, बापाचा मृत्यू आहे, पोराची जिद्द आहे. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला आहे. उत्तमच आहे.

आणि त्याच २००९ च्या जुलैमध्ये कंपनीने जाहीर केले, की किलमार्नॉकमधला बाटल्या भरण्याचा कारखाना बंद होणार. सुमारे ७०० नोकऱ्यांचा प्रश्न होता. साधारण ४५ हजार वस्तीच्या गावात हजारो लोक रस्त्यावर उतरले. स्कॉटलंडच्या राजकीय पक्षांनी आपापसांतली भांडणे बाजूला ठेवून विरोध केला. उपयोग झाला नाही. काम देशातल्या दुसऱ्या कारखान्यांकडे गेले आणि २०१२ मध्ये किलमार्नॉकचे दार बंद झाले. वाण्याच्या दुकानापासून मोजले तर त्या गावाशी असलेले जवळजवळ दोनशे वर्षांचे नाते तुटले. आज कारखान्याच्या जागेवर एक महाविद्यालय उभे आहे, एवढे समाधान.

कंपनीची बाजू हिशेबाने चूक नसेलही. कारखाने एकत्र केले तर खर्च वाचतो, हे कोणीही सांगेल. पण गोष्ट सांगताना किलमार्नॉक हवे आणि पगारपत्रकावर नको, हे गणित गिरणगाव पाहिलेल्या मुंबईकराला चटकन कळते. गिरण्यांच्या चिमण्या पाडून तिथे मॉल उभे राहिले आणि त्या मॉलमधल्या हॉटेलांच्या भिंतींवर गिरण्यांचे जुने फोटो सजावट म्हणून आले, ते आपण पाहिलेच आहे.

मौज अशी, की गावातून गेलेली आठवण शहरात परत आली, ती तिकीट लावून. २०२१ मध्ये एडिंबरोच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर, एका जुन्या डिपार्टमेंटल स्टोअरच्या इमारतीत, जॉनी वॉकरच्या नावाचे आठ मजली पर्यटन केंद्र उघडले. स्कॉच पर्यटनावरच्या १८.५ कोटी पौंडांच्या योजनेतला तो एक भाग. बंद पडलेल्या पोर्ट एलन आणि ब्रोरा यांचेही असेच झाले. १९८३ मध्ये ज्यांची व्हिस्की कोणाला नको होती, त्यांच्या उरल्यासुरल्या पिंपांतल्या बाटल्या दुर्मीळ म्हणून संग्राहकांच्या हाती गेल्या, लिलावात भाव चढत गेले आणि अखेर २०२१ मध्ये ब्रोरा व २०२४ मध्ये पोर्ट एलन पुन्हा सुरू झाली. बंद पडणे हेसुद्धा पुढे विकता येते, ही या धंद्याची कमाल.

जपानचा मग आणि टेनेसीची कबुली

मुलीच्या हातातल्या हायबॉलचे आजचे माहात्म्य बरेचसे जपानमधले. पेय अमेरिकेत आणि इंग्लंडात जुनेच. पण जपानमध्ये व्हिस्कीचा खप १९८३ मध्ये शिखराला पोहोचला आणि त्यानंतर जवळजवळ पाव शतक घसरत राहिला. तिथेही तेच दुखणे, म्हणजे ‘वडिलांचे पेय’. सनटोरी कंपनीच्या ‘काकुबिन’ या १९३७ पासूनच्या व्हिस्कीला कोणी तरुण विचारीना. २००८ च्या सुमारास कंपनीने व्हिस्कीचे गांभीर्यच काढून टाकले. बिअरच्या मगासारखा दांड्याचा मग, त्यात बर्फ आणि सोडा, बरोबर तळलेली कोंबडी. जेवणाआधी ऑफिसातले सहकारी बिअर मागवत, तिथे हायबॉल आला. व्हिस्की तीच, पण दिवाणखान्यातून खाणावळीत आलेली. खप असा उसळला, की मुरलेला साठा पुरेना. २०१८ मध्ये हाकुशू १२ आणि हिबिकी १७ या नावाजलेल्या व्हिस्कींची विक्री थांबवण्याची वेळ सनटोरीवर आली.

अमेरिकेतल्या जॅक डॅनियल्सची गोष्ट यापेक्षा खोल जाते. टेनेसीतल्या लिंचबर्गच्या या डिस्टिलरीची परंपरा सांगताना पोरवयाच्या जॅकला एका धर्मोपदेशकाने दारू गाळायला शिकवले, असे वर्षानुवर्षे सांगितले जाई. २०१६ मध्ये न्यू यॉर्क टाइम्समधल्या एका लेखाने जगापुढे आणले, की खरा गुरू होता नॅथन ‘निअरेस्ट’ ग्रीन. तो धर्मोपदेशकाकडे राबणारा गुलाम. गुलामगिरी संपल्यावर तो जॅकच्या डिस्टिलरीचा पहिला मुख्य कारागीर झाला. गावातल्यांना हे ठाऊक होते, ग्रीनचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या तिथे कामाला होते. पण लेबलावरच्या गोष्टीत तो नव्हता. पुढे कंपनीने त्याला आपला पहिला ‘मास्टर डिस्टिलर’ म्हणून अधिकृत मान दिला.

यात पश्चात्ताप किती आणि व्यापार किती, हे ज्याने त्याने ठरवावे. आजचा तरुण अमेरिकन गिऱ्हाईक प्रामाणिक इतिहासाची किंमत करतो, हे कंपनीला कळत नसेल असे नाही. तरीही मला यात एक आशा दिसते. नवी गोष्ट रचताना नेहमी माणसे वगळलीच जातात असे नाही. कधी कधी वगळलेला माणूस परतही येतो. मात्र त्यासाठी बाहेरच्या कोणीतरी खोदून काढावे लागते.

आपल्या दारात

आता हा साहेब आपल्याकडे जोराने येणार, अशी चिन्हे आहेत. २०२४ मध्ये स्कॉचच्या बाटल्यांच्या संख्येच्या हिशेबाने भारत जगातला पहिल्या क्रमांकाचा आयातदार होता. सुमारे १९ कोटी २० लाख बाटल्या. यातली बरीचशी स्कॉच पिंपांतून येते आणि देशी व्हिस्कीत मिसळली जाते. जुलै २०२५ मध्ये झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारानुसार व्हिस्कीवरची १५० टक्के जकात करार लागू होताच ७५ टक्क्यांवर आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर यायची आहे. उलट दिशेचीही वाहतूक आहे. बंगळुरूच्या अमृतने आपली सिंगल माल्ट २००४ मध्ये थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढली आणि गोव्याच्या पॉल जॉनने २०१२ मध्ये लंडनमधून सुरुवात केली. बाहेर नाव मिळाल्यावर घरच्यांनी दखल घेतली, ही आपली जुनी रीत.

भारतात दारूच्या जाहिरातीला दूरचित्रवाणीवर बंदी आहे. त्यामुळे इथे सोडा, पाणी, संगीताच्या सीडी यांच्या जाहिराती त्याच नावाने आणि त्याच रंगात होत आल्या. यातून एक विचित्र गोष्ट घडली. व्हिस्की दाखवायचीच नाही म्हटल्यावर उरते ती नुसती भावना. मैत्री, यश, मोठेपणा. बंदीने जाहिरात थांबली नाही, ती आणखी तरल झाली. महाराष्ट्रात आजही कागदोपत्री व्हिस्की पिण्यासाठी वयाची पंचवीस वर्षे आणि परवाना लागतो. भावना ग्रहण करायला मात्र परवाना लागत नाही. ती दहाव्या वर्षीही क्रिकेटचा सामना पाहताना मिळते.

आणि आता नवा गिऱ्हाईक म्हणून कंपन्यांचे लक्ष गेले आहे ते स्त्रियांकडे. २०१८ मध्ये अमेरिकेत साहेबाच्या जागी टोपीवाली ‘जेन वॉकर’ अवतरली. स्त्रियांना स्कॉचचे जरा दडपण वाटते, अशा अर्थाचे विधान कंपनीच्या एका अधिकारी बाईंनी केले आणि त्याची यथेच्छ टिंगल झाली. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे जॉनी वॉकरच्या मिश्रणाची सूत्रे २०२२ पासून एमा वॉकर या रसायनशास्त्र शिकलेल्या बाईंच्या हाती आली. आडनाव तेच असले तरी त्या त्या घराण्यातल्या नव्हेत. ज्या टेबलाशी पुरुषांनाच जागा होती तिथे बाई बसली, याचा आनंद मला आहे. माझ्या मुलीने काय प्यावे हे ती ठरवील. ती कमावते, तिला कळते.

पण मला आमच्या चाळीतल्या काकू आठवतात. नाव सांगत नाही. काका दर पगाराच्या दिवशी उशिरा येत. काकू दिवा न मालवता जिन्याच्या तोंडाशी बसून राहत. काका काय पीत असत, देशी की विलायती, हे कोणी विचारले नाही. फरक पडत नव्हता. पुढे त्यांचे मंगळसूत्र काळ्या पोतीवर आले, मग थोरल्या मुलीची शाळा सुटली. काकूंनी आयुष्यात थेंब घेतला नाही आणि दारूची किंमत त्यांच्याइतकी कोणी मोजली नाही.

महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या अशाच बायकांनी ‘उभी बाटली, आडवी बाटली’चे मतदान लढवले. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला कौल दिला, तर दुकान बंद करावे लागते. चंद्रपूर जिल्ह्यात बायकांच्या आंदोलनानंतर २०१५ मध्ये दारूबंदी झाली, २०२१ मध्ये ती उठलीही. दारूबंदीने चोरटी दारू वाढते, हा आक्षेप खोटा नाही. पण बंदी हवी म्हणून मैलोन्‌मैल चालत गेलेल्या त्या बायकाही ‘चालत राहिल्या’च होत्या. त्यांच्यावर सहा मिनिटांचा लघुपट कोणी काढणार नाही.

आई गेल्यावर गिरगावची खोली आवरताना ती चौकोनी बाटली सापडली. लेबल पाण्याने विरून गेले होते, साहेबाच्या जागी एक पिवळट डाग उरला होता. ती मी घरी आणली. लग्नाहून परतल्यावर मुलीने ती हातात घेतली आणि विचारले, ‘आजीने ही का जपली असेल हो?’ मी तिला मामाची गोष्ट सांगितली, बोटीची, गच्चीवरच्या रात्रीची. ती मनापासून हसली. मग जरा थांबून मी तिला काकूंचीही गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. बाटली तिने धुतली, पाणी भरले आणि बाल्कनीतल्या मनीप्लँटचा एक फाटा तोडून तिच्यात लावला.